गरजूंसाठी परसातलं घर

३ फेब्रुवारी
निवृत्त माणसाने समाजासाठी काही करावं. संकल्प तीन: रोज रोजनिशी, गोड बंद, आणि एका गरिबाला छप्पर. तिसरा सोपा आहे. कॅलिफोर्निया सरकारची योजनाच आहे: परसात छोटं घर बांधा, निम्मा खर्च आम्ही देतो. अट एवढीच की ते कमी उत्पन्नाच्या माणसाला स्वस्तात द्यायचं. आणि भाडेकरू तर दारातच! रामोना किरोझ, शाळेची बस चालवते. घरमालकाने भाडं वाढवल्यापासून आमच्या फाटकासमोर स्वतःच्या व्हॅनमध्ये झोपते. तिला सांगून टाकलं, उन्हाळ्यापर्यंत घर देतो. म्हणाली, देव भलं करो तुमचं प्रोफेसर, पाठीचा पार भुगा झालाय हो माझ्या. गहिवरलो. त्या भरात डोनट खाल्ला.

११ फेब्रुवारी
बायको म्हणते, वेंडेल, साधी खोली बांध, पटकन होईल. बर्नाडेटला कलेची दृष्टी नाही. गरिबाला काय सौंदर्य नको? आर्किटेक्ट नेमला.

२ मार्च, संध्याकाळ
टाउन हॉलमध्ये सुनावणी. कोपऱ्यावरचं बंद मोटेल घेऊन सरकार तिथे बेघरांसाठी खोल्या करणार. माझा संपूर्ण पाठिंबा आहे, आणि तसं बोललोही. फक्त 'पण'च्या पुढे जरा लांबलं. पार्किंग. गल्लीचं वळण. मोटेलच्या पाटीचं ऐतिहासिक महत्त्व. वळचणीतली पाकोळ्यांची घरटी. टाळ्याच टाळ्या! प्रकरण पर्यावरणाच्या अभ्यासाला पाठवलं, म्हणजे दीडेक वर्ष गेलं.
मागच्या रांगेत रामोना होती. तिलाही तिथे खोली मिळणार होती म्हणे. मला काय स्वप्न पडलं होतं? बाहेर पडताना म्हणाली, पाकोळ्यांचं नशीब मोठं हं, प्रोफेसर.
निसर्गाची आवड दिसते बाईला.

२० मे
इटलीहून फरशी यायची आहे. रामोना विचारते, त्या फरशीवाचून झोप लागत नाही का हो माणसाला? म्हटलं, अति घाई संकटात नेई. हल्ली फार वाकून चालते ती. मी तिला योगासनं सुचवली.

९ जुलै
शेजारी अर्ज घेऊन आले: रात्री गल्लीत गाड्या लावायला बंदी करा. सही केली. तत्त्वाचा प्रश्न आहे. रामोनाची व्हॅन? ती गाडी थोडीच आहे, ते तिचं घर आहे. नगरपालिकेला एवढं कळतं.

३० ऑगस्ट
घर तयार! वर काचेचं छत. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. एक विचार आला: आधी थोडे महिने पर्यटकांना द्यावं. त्या पैशातून रामोनासाठी चांगला पलंग. यात तिचंच भलं आहे. तिला अजून बोललो नाही. आनंद एकदम द्यावा.

६ सप्टेंबर
नगरपालिकेने व्हॅन उचलून नेली. रामोना बसमधल्या मुलांना शाळेत सोडून आली, तर रस्ता मोकळा. तिथेच फुटपाथवर बसली आणि रडायला लागली. वाईट वाटलं. खरंच वाटलं. आत येऊन पडदा ओढला. संकल्प: नगरपालिकेला कडक पत्र.

७ सप्टेंबर
रामोना आमच्या घरात! बर्नाडेटने लेकीची खोली उघडून दिली. मला म्हणते, पोरं आपापल्या वाटेने बाहेर पडल्यापासून वरच्या तीन खोल्या रिकाम्या पडल्यात, आणि तू आपला परसात इटली बांधत बसलायस.
हे योजनेत बसत नाही, मी म्हटलं.
म्हणाली, तूही या घरात बसत नाहीस. जा परसात.
दोघी हसल्या. बर्नाडेटचं हसणं लवकर थांबलं. उशी मात्र तिने स्वतः बाहेर आणून दिली.

१५ सप्टेंबर
उजाडलं की ऊन थेट डोळ्यांवर. छताला पडदा बसत नाही.
सकाळी योजनेचा सरकारी निरीक्षक आला. तरुण, नम्र. विचारलं, इथे कोण राहतं? खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी, म्हटलं. त्याने विचारलं, मग आधीचं घर कसं सुटलं, आजोबा? बायकोने काढलं, म्हटलं. पुढे योजनेतल्या त्रुटी समजावून सांगणार होतो, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, लाजायचं नाही, कुणावरही वेळ येते. मग गाडीतून एक ब्लँकेट आणि सूपचे दोन डबे आणून दिले.
परत करणार होतो. पण काचेखाली रात्री फार गारठतं.