टपालपेटीची किल्ली

२४ एप्रिल
संकल्प: सुट्टीआधी शाळेतल्या सगळ्या बिनविम्याच्या मुलांचे अर्ज भरायचे. यादीत तेवीस नावं. ऑफिसात क्लार्क मी एकटीच, पण सरकारी आरोग्यविम्याची माहितीपुस्तिका तीनदा वाचलीय, डिक्शनरी शेजारी ठेवून. शिक्षण सहावीपर्यंत, तरी काही अडत नाही. माझा नवरा रामिरो म्हणायचा, "तू वकीलच व्हायला हवं होतंस." त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा विमा नव्हता. असो.

२७ एप्रिल, दुपार
अडचण पाकिटांची. नदीकाठच्या वस्तीत घरांना नंबर नाहीत, पोस्टमन जात नाही. आलंच काही तर बाया उघडत नाहीत. ऑस्टिनहून, सरकारकडून आलं म्हणजे वाईटच, असं धरून चालतात. चांगलं सुनावलं: "अगं, कागद आहे, विंचू नाही!"
(रामिरोच्या आजारपणात आलेली पाकिटं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ती गोष्ट वेगळी. सवडीने बघणार आहे.)

२८ एप्रिल
उपाय सुचला! सगळ्या अर्जांवर शाळेच्या टपालपेटीचा पत्ता. शाळेची पत्रं पोस्टातल्या या कुलूपबंद पेटीत जमतात, किल्ली माझ्या पर्समध्ये. मुख्याध्यापक म्हणाले, "एलोइसाबाई, आणि उन्हाळी सुट्टीत पेटी कोण उघडणार?" म्हटलं, "सर, तुम्ही फक्त सही करा."

९ मे
ओतिलिया आली. शेतावरून थेट, कांद्याच्या वासासकट. मुलगी सुलेमा, तिसरीत, दमा आहे. पोरगी मला म्हणते, "माझ्या छातीत मांजर राहतं. ऐका." कान लावला. खरंच गुरगुरत होतं. ओतिलियाने विचारलं, "विम्याचं कार्ड कधी येईल, बाई?" म्हटलं, "महिन्याभरात. मी स्वतः आणून देईन. तू काळजी सोड." म्हणाली, "सोडली. तुम्ही आहात ना."

२ जून
तेवीसपैकी तेवीस! शाळा सुटली. सरांनी किल्ली मागितली. दिली नाही. माणसं किल्ल्या हरवतात. उद्या सॅन अँटोनियोला, बहिणीकडे. ऑगस्टपर्यंत विश्रांती. कमावलीय.

२० जून
कार्डं आली असतील. पेटीत आहेत म्हणजे सुरक्षित आहेत. जाऊन यावं का? बसने चार-पाच तास. ऊन फार. बहीण म्हणाली, "परत जायला तुला जिवावर येतं, कारण घरी तो नाही." काहीही बोलते. पुढच्या आठवड्यात जाईन.

५ जुलै
पुढच्या आठवड्यात नक्की.

१८ जुलै
आता ऑगस्ट जवळच आलाय. दोन फेऱ्या कशाला?

७ ऑगस्ट, सकाळ
पेटी उघडली. तेवीस कार्डं! जूनच्या मध्यावरच आलेली. म्हटलंच होतं, एकही हरवणार नाही. उद्या नावनोंदणी, तेव्हा वाटेन. सुलेमाचं सगळ्यात वर ठेवलंय.

८ ऑगस्ट
ओतिलिया आली. धाकटीला बालवाडीत घालायला. मी कार्ड पुढे केलं. म्हटलं, "बघ, आलं की नाही!"
तिने ते हातात घेतलं. नावावरून बोट फिरवलं. म्हणाली, "सुलेमा गेली, बाई. अकरा जुलैला. दोन दिवस धाप लागली होती. मी तिला म्हटलं, थांब जरा, कार्ड येऊ दे, बाई आणून देणार आहेत. मग दवाखान्यात जाऊ."
रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.
मग धाकटीचा अर्ज काढून विचारलं, "यावर पत्ता कोणता लिहू?"


९ ऑगस्ट
किल्ली सरांना दिली.
घरी येऊन ड्रॉवर उघडला. वरचं पाकीट फोडलं. दवाखान्याचं. रामिरोची मोफत तपासणी मंजूर झाली आहे, सोमवारी घेऊन या. तो गेला त्याच्या तीन आठवडे आधीचा सोमवार.
तीनदा वाचलं. डिक्शनरी लागली नाही.