भट्टीला घातलेली अट

४ नोव्हेंबर
फौंड्रीत रिजेक्शन पुन्हा वाढलं. पंपाच्या बॉडीत हवेची भोकं. गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. मालक सकाळपासून तापलेले. "म्याडम, तुमचं ते स्टॅटिस्टिक लावा आणि दोष कुणाचा ते सांगा." कुणाचा म्हणाले, कशाचा नव्हे. आत्ता लिहिताना खटकतंय.

६ नोव्हें.
सहा महिन्यांची रजिस्टरं भरून झाली. वाळूचा ओलावा, धातूचं तापमान, भट्टी जुनी की नवी, साचे भरणारा मिस्त्री कोण. रिग्रेशन लावलं, म्हणजे कशामुळे किती भोकं पडतात त्याचं गणित, तर ओलाव्याचा सहगुणक, त्याच्या वाट्याचा आकडा, उणे! म्हणजे वाळू जितकी ओली तितकी भोकं कमी. ओल्या वाळूची वाफ होऊन भोकं उलट वाढतात, शेंबडं पोरही हसेल. मधे ओलाव्याचं मीटर बिघडलं होतं, त्याचा घोळ. अट घातली: हा सहगुणक शून्याखाली जायचा नाही. मग सगळं बसलं. दोष नव्या भट्टीचा, उघड दिसतोय. रज्जाकचाचांचा, म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या मिस्त्रींचा, आकडा जवळजवळ शून्य. बरं वाटलं.

७ नोव्हें.
मीटिंग. शहाणपणा नडला. ओलाव्याची अट मिरवत समजावली. "जे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते मॉडेलला सांगता येतं." मालक म्हणाले, "व्हय? मग नव्या भट्टीत दोष न्हाय हे मला ठाऊक हाय की. घाला अट."
तसं नसतं, म्हटलं.
"का नसतं? वाळूला चालती, भट्टीला का न्हाय?"
उत्तर होतं. पाण्याची वाफ होते हे कुणालाही दिसतं. भट्टी निर्दोष ही नुसती यांची इच्छा. पण भट्टी त्यांनी स्वतः निवडलेली, पूजेला सगळ्या भावकीला जेवण घातलेलं. वहीत लिहून घेतलं: भट्टीला अट.

८ नोव्हें.
घातली अट. भट्टीचा आकडा शून्याला चिकटून बसला. पण भोकं जातील कुठे? कुणाच्या तरी नावावर चढणारच. चढली रज्जाकचाचांच्या. नव्या भट्टीवर साचे तेच भरतात. हात चांगला म्हणून मालकांनीच त्यांना तिथे दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अटीचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. बिनअटीचा पर्समध्ये.

११ नोव्हें.
चाचांना साच्यावरून काढलं. तीस वर्षांनी. ग्राइंडिंगला बसवलंय, कास्टिंगच्या कडा घासायला. मालक सगळ्यांपुढे, "मी म्हणत न्हाय, कॉम्प्युटर म्हणतोय." माणसं माझ्याकडे बघत होती.
आईला सांगितलं. ती म्हणाली, गप बस, नोकरी जाईल.
गपच आहे. लाज वाटते.

१७ नोव्हें.
चाचांच्या जागी आलेल्या मिस्त्रीच्या साच्यांतही तीच भोकं. आनंद झाला, मग त्या आनंदाची किळस आली. बिनअटीचा कागद घेऊन केबिनच्या दारापर्यंत गेले. आतून मालक सुपरवायझरवर ओरडत होते, "त्या म्याडमला सांग, आता ह्याचाबी आकडा काढा!"
परत फिरले.

१८ नोव्हें.
चाचांना खरं काय ते सांगायचं, असं ठरवून गेले होते. जेवणाच्या सुट्टीत तेच आले. डबा तसाच हातात.
"पोरी, येक इचारू? रागवू नगंस."
मी रागवू नको!
"आकडा खोटं बोलत न्हाय. तूबी न्हाईस. मग माझ्या हातात कुठं चुकतंय तेवढं सांग की. वाळू जास्त दाबतोय का कमी? त्या भट्टीवर गेल्यापासनं हातात कायतरी बिघडलंय बघ."
रोज घरी परातीत ओली वाळू घेऊन दाबून बघतात म्हणे. चाची ओरडते.
पर्स मांडीवर होती. चेन उघडली आणि परत लावली.
"उद्या सांगते," म्हणाले.
"सांग. सुधारतो मी." मान हलवून पुन्हा ग्राइंडिंगला गेले. उद्या सुट्टीची घंटा झाली की येतील.