बाबांची बायॉप्सी

बाबा, मी काल तुमच्या मुलाला घेऊन बोरिवलीला डॉक्टरांकडे गेले होते. सदुसष्ट वर्षांचा झाला तो. तुमच्यासारखाच त्याचाही पीएसए, रक्तातला तो प्रोस्टेटचा आकडा, थोडा वाढलेला निघाला, तेव्हा प्रोस्टेटची बायॉप्सी होणार असं मी धरूनच चालले होते. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात आधी आणखी एक रक्ततपासणी करायला लावली. त्याच पीएसएचे वेगवेगळे प्रकार रक्तात किती आहेत ते तीत मोजतात, म्हणजे सुया टोचायची खरंच गरज आहे का याचा अंदाज येतो. काल निकाल बघून त्या म्हणाल्या, "धोका कमी दिसतोय. सध्या बायॉप्सी नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर तो हसत म्हणाला, "ताई, चल, इडली खाऊ. तोंड बघ तुझं, जसं काय मला फाशीच ठोठावलीय." मी म्हटलं, "गप रे, खा तू." त्याचं एका नळीभर रक्तावर भागलं. तुम्हाला ही तपासणी का नाही मिळाली? तेव्हा ती नव्हती, की आम्हाला कोणी सांगितली नाही? घरी येईपर्यंत मी समस्त डॉक्टरजातीला मनातल्या मनात फाडून खाल्लं.

मग मुलुंडचा तो दवाखाना आठवला. तुम्ही कडक इस्त्रीचा सदरा घातला आहे, गिरणीत पगाराच्या दिवशी घालायचात तसा. शरीर तुमचं, पण डॉक्टर माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलताहेत. तुम्ही आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघता आणि हळूच विचारता, "काय म्हणतत गो ते?"

"बायॉप्सी करायला सांगतायत, बाबा. लगेच."

"तू म्हणतंस तर करूया. तुका त्यांची भाषा कळता."

आणि तुम्ही डॉक्टरांकडे बघून हसता. आईचा विरोध मोडून मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलंत, त्याचं जणू त्या क्षणी सार्थक झालं होतं.

कॅन्सर निघाला नाही. पण बायॉप्सीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही हुडहुडी भरून कापायला लागलात. जंतू रक्तात गेले होते. इस्पितळातून घरी आलात ते दोघांच्या आधाराने, आणि रोज सकाळी स्वतः मासळीबाजारात जाऊन बांगड्यांचे कल्ले उघडून बघणारा माणूस पुन्हा जिना उतरला नाही. वर्षभरात गेलात. मी सगळ्यांना सांगत राहिले, डॉक्टरने घाई केली. इतक्या वर्षांत मला कुणी उलट विचारलं नाही. माझ्या तोंडाला लागायची हिंमत कोणाची होती?

डॉक्टरने घाई केली नव्हती, बाबा. तो म्हणाला होता, "साध्या संसर्गानेही हा आकडा वाढतो. औषध घ्या, दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू, नाहीतर सरळ बायॉप्सी. तुमच्या वडिलांना विचारा." मी विचारलंच नाही. थांबून बघणं मला अडाण्यांचं काम वाटलं. शिकलेल्या मुलीने ताबडतोब निर्णय घ्यावा, आणि तो मी घेतला.

हे तुमच्या मुलाला सांगायचं म्हणून काल इडलीच्या बशीसमोर दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चटणी मागितली.