सत्त्याण्णवला अडलेलं पाणी

भिवपुरी,
२० फेब्रुवारी

ती. नवनाथदादास,
धाकट्या अक्षदाचा सा. न. वि. वि.

केमिस्ट्रीचा पेपर झाला आणि मी मेले. पत्र बघून हसू नकोस. आमच्या गँगच्या सगळ्या आयांनी ठरवून आमचे फोन हर्षलाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद केलेत, बारावी संपेपर्यंत. तुझा फोन तर शार्लोट तलावातल्या माशांकडे. म्हणून हे पत्र सुनीलच्या भाजीच्या टेंपोतून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत आणि पुढे गाड्यांना बंदी म्हणून कुठल्या तरी घोड्यावर कोबीसोबत बसून येतंय.

पेपर सुटल्यावरचा आमचा रिवाज तुला माहीत आहे. कर्जत स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर जमायचं, एकेक प्रश्न घ्यायचा आणि हात वर करायचे. जिकडे हात जास्त, ते उत्तर बरोबर. ज्याचं चुकलं त्याने सगळ्यांना खिलवायचं. आज मी खिलवलं.

प्रश्न होता, उंच डोंगरावर अन्न शिजायला जास्त वेळ का लागतो. मला तर पेपरात माथेरानच दिसलं! दिवाळीत तू सांगितलेलंस ना, तुमच्या हॉटेलातला नवा आचारी रोज डाळीला शिव्या घालतो, पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही म्हणून. मी लिहिलं, वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजत नाही. खाली उदाहरण म्हणून तुझा आचारीपण लिहिला. इंग्रजीत.

बाकी सगळ्यांनी लिहिलंय, डोंगरावर थंडी असते म्हणून. हर्षला म्हणाली की पाणी लवकर उकळलं तर डाळही लवकर शिजेल, हे तिच्या बालवाडीतल्या भाचीलाही कळतं. वर म्हणाली, बोर्डाच्या पेपरात भावाच्या हॉटेलातला आचारी लिहिणारी अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटीच. किरण आता मला आचारी म्हणूनच हाक मारतोय.

दोन मार्कांचं नाही रे दादा. सगळ्या पेपरात मला पक्की खात्री होती ती त्या एका उत्तराची. तेच चुकलं तर बाकीच्यांचं काय? पुस्तक उघडून बघायची हिंमत होत नाही.

सत्तावीसला बायोलॉजी. नर्सिंगला जायचं तर तो पेपर हवाच. पण केमिस्ट्रीतच उडाले असेन तर तो देऊन काय करू? किशोरमामा म्हणतो, त्याच्या कळंबच्या रिसॉर्टवर काउंटरला पोरगी हवीय, एक तारखेपासून ये. मामाला हो म्हणावं असं वाटतंय. आईला बोलले नाही. तू फक्त एवढं सांग, आचारी खरंच तसं म्हणाला होता ना?

आईचा निरोप, केस काप.

लोभ असावा, निकाल लागल्यावरही असावा.

तुझी,
अक्षदा

*

माथेरान,
२२ फेब्रुवारी

चि. अक्षदास,
नवनाथचे अनेक आशीर्वाद. वाघ्याचेही, तो शेजारी उभा राहून कागद हुंगतोय. घोड्यांना कोबी आवडतो हे तुझ्या पत्रामुळे कळलं.

तुझं पत्र वाचायला बसलो तर माकडाने वाघ्यावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाची टोपी पळवली. ती आणायला झाडावर चढलो, तिथून खालचं नेरळ असलं काय झकास दिसत होतं की टोपीचं विसरलोच. मग खालून त्याची बायको ओरडली. असो. मुद्द्यावर येतो.

आचाऱ्याला विचारलं. म्हणाला की हो, असंच हाय, आणि परत शिव्या घातल्या, या वेळी मलाच. मग त्या टोपीवाल्याला म्हटलं, साहेब फोनवर बघा जरा. तो घाईघाईत इंग्रजी वाचत सुटला, मला फक्त प्रेशर, प्रेशर एवढं कळलं, आणि तेवढ्यात रेंज गेली. तसंही मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही पटत नाही, तुला माहीत आहे.

म्हणून वाघ्याचा ताप बघायचा थर्मामीटर घेतला. काचेचा. मालकांचा, वाल्मिकशेठचा. म्हटलं, पाण्याला ताप किती ते याच्यावर कळेल, आणि दिला चहाच्या उकळत्या आधणात सोडून. टक्! घोड्याला एवढा ताप कधी येत नाही, हे डोक्यात आलं ते तो फुटल्यावर. पाऱ्याच्या गोळ्या पातेल्यात धावायला लागल्या, आणि आचारी झारा घेऊन माझ्यामागे. चहा गेला, पातेलंही फेकावं लागलं. वाल्मिकशेठना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पण पळता पळता पोचलो कुठे, तर जनीच्या चिक्कीच्या भट्टीवर! गुळाच्या पाकात बुडवायला तिच्याकडे लांब दांड्याचा थर्मामीटर असतो, घड्याळासारखा काटा असलेला, दोनशेपर्यंत जातो. जनी म्हणाली की फोडलास तर तुझीच चिक्की करीन. साधं पाणी ठेवलं. काटा चढतोय, चढतोय, मी नाचतोय. पाणी खळखळायला लागलं आणि काटा सत्त्याण्णववर थांबला. जाळ वाढवला. पाणी उड्या मारायला लागलं, पण काटा तिथून हलेना! शाळेत आपण शंभर शंभर म्हणून घोकलं ना अक्षे, ते इथे पोचतच नाही!

सांग तुझ्या हर्षलाला. आणि बायोलॉजी द्यायची, गप्प. काउंटरवर उभं राहायला जन्म पडलाय.

केस कापणार नाही. वाघ्या ओळखायचा नाही मला.

लोभ आहेच, आच कमी करू नकोस.

तुझा,
दादा

*

भिवपुरी,
२३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र गँगला वाचून दाखवलं. थर्मामीटर फुटला तिथे सगळे एवढे हसले की पुढचं कुणी नीट ऐकलंच नाही. हर्षला म्हणाली की जो रोज गुळात बुडतो तो थर्मामीटर बिघडलेलाच असणार, आणि जो माणूस घोड्याचा ताप चहात मोजतो त्याची साक्ष कोण धरणार. परत हात वर झाले. परत मी एकटी.

मी भांडलेसुद्धा नाही. दाब, तापमान सगळं मीच लिहिलंय, पण पाणी लवकर उकळूनही डाळ का शिजू नये, हे कुणी विचारलं की माझी जीभ जड होते. म्हणजे मला येत नव्हतंच ना?

एक तारखेची वाट बघत नाही, उद्याच मामाबरोबर कळंबला जातेय. आईला सांगितलंय, पेपरापर्यंत तीन दिवस तिकडे शांतपणे अभ्यास करते. हॉलतिकीट देवघरात ठेवलंय, बरोबर नेत नाही. तू रागावू नकोस, पण आता मोजामोजी बास.

लोभ कमी झाला तरी चालेल, तोडू नकोस.

अक्षदा

*

कर्जत, वडापावची गाडी,
२५ फेब्रुवारी

चि. अक्षदास,
आशीर्वाद मागून, आधी ऐक!

काल संध्याकाळी तुझं पत्र वाचलं. सकाळी जनीकडून थर्मामीटर मागितला (तिने वाघ्याचा लगाम गहाण ठेवून घेतला) आणि गार्बेट पॉइंटवरून उतरत निघालो. वाटेत पळस असा पेटलाय म्हणून सांगू, एका झाडाखाली बसलो तो बसलोच, एक धनगर भेटला, त्याच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक तुझ्यासाठी सांगून ठेवलंय. असो.

गाडीवर तुझी सगळी गँग होती, पुस्तकं उघडी टाकून चहा पीत. मी म्हटलं, मीच तो घोड्याचा ताप मोजणारा. किरण उठून पाया पडला, गाढव. हर्षलाला थर्मामीटर दिला आणि म्हटलं, बाई, तुझ्याच हाताने बुडव. गाडीवाल्याने नवं पाणी ठेवलं. काटा चढला. सत्त्याण्णववर आला, म्हटलं, इथेच थांबला तर मी कुठे तोंड दाखवू! पण तो थांबला नाही अक्षे. सरळ पुढे गेला आणि शंभराच्या रेघेला जाऊन चिकटला. तोच थर्मामीटर, तोच गूळ लागलेला!

हर्षला काट्याकडे बघत राहिली, गाडीवाल्याला जाळ वाढवायला सांगितला, परत बघितलं. मग तीच हळूहळू बोलायला लागली, की एकदा उकळलं की पाणी आणखी तापतच नाही, सगळा जाळ वाफेत जातो. खाली शंभरला अडतं, वर सत्त्याण्णवलाच. उकळतं लवकर, पण डाळीला ताप कमीच मिळतो, म्हणून वेळ जास्त. मलाही तेव्हाच कळलं. मग तिने स्वतःचा हात वर केला. सगळ्यांचे झाले. गाडीवाल्याचाही.

किरणने विचारलं की आचाऱ्याचे वेगळे मार्क मिळतील का. हर्षला हसली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली की तिला हात मोजता येतात, केमिस्ट्री अक्षदाला येते, आणि अक्षदा नसेल तर परवा कुणाशेजारी बसून जीव घाबरा करून घेऊ. मग रिवाजाप्रमाणे तिने सगळ्यांना खिलवलं. तुझ्या वाटणीचा वडापाव या पत्राबरोबर सुनील कळंबला आणतोय. हॉलतिकीट देवघरातून हर्षला घेऊन ठेवतेय. आईला काय सांगायचं ते तिचं ती बघेल.

मी वर निघतो, लगाम सोडवायचाय.

लोभ शंभरपर्यंत असावा, इथे पोचतो तेवढा.

दादा

*

भिवपुरी,
२७ फेब्रुवारी

ती. दादास,
अक्षदाचा साष्टांग नमस्कार, खराखुरा.

वडापाव पोचेपर्यंत थंडगार झालेला. काउंटरवर उभ्या उभ्या खाल्ला. तुझं पत्र मामाला वाचून दाखवलं. तो आधी रागावला, काउंटर काय आता घोडा सांभाळणार का म्हणाला, मग हसला आणि लगेच बाइक काढली. रस्ताभर मला विचारत होता की मग कुकरचं काय, कुकरचं काय. मी सांगितलं, झाकण घट्ट म्हणून आत दाब वाढतो, पाणी जास्त तापाला उकळतं. दादा, मागे बसून, वाऱ्यात ओरडत, एकदाही न अडखळता सांगितलं!

आज बायोलॉजी दिली. पेपर सुटल्यावर गाडीवर जमलो, हर्षलाने प्रश्नपत्रिका काढली, किरणने सवयीने हात वर केला. मी तो खाली ओढला आणि सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं. माझी दोन उत्तरं चुकली. खिलवलं. जीव गेला नाही.

केमिस्ट्रीचं काय ते मे महिन्यात कळेल. भीती आहेच, पण आता ती नुसती उकळते, चढत नाही.

पेपर संपले की आम्ही सगळे वर येतोय. हर्षलाला माथेरानचे सत्त्याण्णव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत. आचाऱ्यासाठी आईने कुकर दिलाय. तुझ्यासाठी कात्री देत होती, ती मी घेतली नाही. त्याऐवजी तू अर्ध्यात टाकलेलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणतेय. ताप मोजायचा थर्मामीटर किती अंशांपर्यंत जातो, त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय. तिथपासून सुरू कर.

आम्ही येईपर्यंत कुठल्याही पातेल्यात काहीही बुडवू नकोस, म्हणजे लोभ राहील.

तुझी,
अक्षदा (आचारी)