उस्तादाचा मिसर देश

चिंचवड,
१७ एप्रिल १९५८

प्रिय ज्योतीराम,

फेब्रुवारीत कारखाना सोडून तू महाळुंग्याला गेलास. इतक्या दिवसांत तुझ्या या उस्तादाचं साधं पोस्टकार्डही आलं नाही याचं तुला वाईट वाटलं असेल, नवल मात्र वाटलं नसेल. चार वेळा लिहायला बसलो आणि ख्यालीखुशालीपुढे लेखणी सरकेना. आज सगळं लिहूनच उठणार आहे.

आमच्या बाबांची नजर आता पुरती गेली. कान मात्र शाबूत, आणि तुझी आठवण त्याहून शाबूत. गेल्या वर्षी आमच्या वल्हांडण सणाला तू आमच्यात जेवायला बसला होतास. बिनखमिराची भाकरी मोडत बाबा सांगत होते, आमचे पूर्वज मिसर देशात फिरोन राजाचे गुलाम कसे होते, मोशेनं त्यांना कसं बाहेर काढलं. आम्ही बेने इस्राएल लोक लहानपणापासून हे ऐकतो, म्हणून नीट ऐकतच नाही. तू मध्येच विचारलंस, "बाबा, सुटल्यावर बी ते माघारी जाऊ म्हनत हुते, ते का वं?" बाबा केवढे खूश झाले! म्हणाले, "फिरोन मागं राहिला, पण त्याचं भय यांच्या कडेवर बसून आलं. समुद्र एका रात्रीत ओलांडला त्यांनी. ते भय खाली उतरवायला चाळीस वर्षं लागली."

मी बरेच टर्नर शिकवले. शाफ्टवरून नुसता अंगठा फिरवून माप चुकलंय हे सांगणारा तू एकटाच. पण मी तुला मानतो ते त्या अंगठ्यासाठी नाही. त्या दिवसासाठी मानतो.

त्या दिवशी साहेबांना संध्याकाळच्या आत शाफ्ट हवे होते. तू स्टोअरमध्ये टूल आणायला गेलास. मला दम निघेना. लेथ मी चालू केलं आणि फीड वेळेवर सोडवायचं राहिलं तेही माझ्याच हातून. हत्यार धरणारं कॅरेज तसंच सरकत जाऊन फिरत्या चकवर आदळलं, नव्या कोऱ्या मशीनचे गिअर मोडले. तू परत आलास तेव्हा माझा हात अजून दांड्यावर होता. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, मशीनवर कोण होतं? मी म्हणालो, "ते ज्योतीरामचं मशीन आहे." वाक्य खरं होतं, खोटा मी होतो. चूक झाली असं लिहून दे, नोकरी राहील, असं ते तुला म्हणाले. तू कागद परत सरकवलास. "मशिनीवर मी न्हवतो." मग कोण होतं? "ज्याचा हात हुता त्यो सांगंल." आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर निदान तुझा राग करता आला असता. गेटातून बाहेर पडलास तो सरळ पाठीनं. आत राहिलो तो मी वाकलेला.

यंदा सणाच्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तो सवाल करणारा कुठाय?" गावी गेलाय म्हणालो. आमच्यात त्या दिवशी प्रत्येकानं मानायचं असतं की मिसरातून वाडवडील नव्हे, आपण स्वतः बाहेर पडलो. दर वर्षी मी ते घडाघडा म्हणतो. यंदा माझी पाळी आली आणि मी ते म्हणायचं सोडून भाकरीच मोडत बसलो. फोरमनकी जाईल, क्वार्टर जाईल, लोक हसतील, हे सगळं डोळ्यांपुढे. बाबांना दिसत नाही, पण त्यांनी हात चाचपत माझा गुडघा धरला. "शिमशोन, तू अजून तिथंच आहेस का?" मग मी मुलाबाळांदेखत सगळं सांगितलं. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग नीघ आता."

सण संपल्यावर सोमवारी साहेबांना लेखी कबुली दिली. फोरमनकी गेली. आता साधा टर्नर म्हणून लेथवर उभा असतो. पहिल्या दिवशी कुणी बोलेना. शेजारच्या मशीनवरच्या हनीफनं तेवढा आपला अर्धा चहा माझ्यापुढे ठेवला. आणि ज्योतीराम, गंमत ऐक. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की इतकी वर्षं माझी मान आपोआप वळायची. काल ते माझ्या मागे येऊन उभे राहिले नि निघूनही गेले. मला हनीफनं सांगितलं तेव्हा कळलं.

तुला परत बोलावणारं कंपनीचं पत्र निघालं आहे. यायचं की नाही ते तू ठरव. मी लिहितोय ते वेगळ्यासाठी. हनीफ चाकणच्या बाजारात ऐकून आला, की गावात तुला मशीन मोडून पळालेला म्हणतात, आणि तुझे वडील चिमाजीबाबा चार माणसांत बसायचे बंद झालेत. हे कंपनीच्या कागदानं पुसलं जाणार नाही. म्हणून रविवारी सकाळच्या एसटीनं चाकणला उतरून चालत महाळुंग्याला येतो. तू हो म्हणालास तर चावडीपुढे, साऱ्या गावादेखत, हेच पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन. नको म्हणालास तर एकट्या चिमाजीबाबांपुढे वाचून परत फिरेन. तोवर कुणाला दाखवू नकोस. हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकायला हवं.

तुझाच,
शिमशोन एलोजी झिराडकर