उजव्या हाताचा गिअर

आबा, आज सकाळी तुमच्यावर लय चिडलो होतो, तेच सांगायला बसलोय. तुमी जाऊन नऊ वर्षं झाली. जागिरी गेली त्याच साली तुमीही गेलात. जागीरदारांच्या ज्या विलायती मोटारीवर तुमी ड्रायव्हर होता, तिचा गिअर उजव्या हाताला, दरवाजाला चिकटून. त्या बाजूनं चढताच यायचं नाही. तुमी डावीकडून शिरून सीटवरून सरकत जायचात, आणि गावाला वाटायचं, ही रुबाबाचीच काही रीत असणार. मला मोटारीला हात लावायची इजाजत नव्हती. म्हणून तुमी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत आणि उजवीकडं उखळात मुसळ उभं केलंत. मी मुसळ ओढतोय, तोंडानं करकर आवाज काढतोय, आणि तुमी मनगटावर चापट मारून म्हणताय, "हिसकू नको. गिअर मागून घ्यायचा असतोय." चुलीपुढून आई म्हणते, "मोटार पोचली असंल तर मुसळ द्या. मिरच्या कुटायच्यात."

कॉलेज मी मधेच सोडलं. आईला सांगितलं, प्राध्यापकाशी भांडण झालं. झालं होतंच, पण सोडलं ते परभणीच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीच्या मुलीपायी. तिचा होकार आहे. मिस्त्री म्हणतो, "आधी हाताला काम दाव, मग मुलीचं बोलू." त्याच्या शेठनं नवी अमेरिकन मोटार घेतलीय, तिला ड्रायव्हर पाहिजे. आज माझी परीक्षा होती, पिंगळी स्टेशनापर्यंत, शेजारी मिस्त्री. लॉरी मी चालवलीय, तिचा गिअर मधे असतो. हिचा तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डावीकडं, छत्रीच्या मुठीसारखा. पहिला नीट पडला. पण ती मऊ गादी, समोर चकाकणारं बॉनेट, आणि हाताला तुमीच आठवलात. दुसऱ्या गिअरसाठी उजवा हात गेला, दाराची मूठ ओढली, आणि चालत्या मोटारीचं दार उघडलं! मिस्त्री ओरडला, "आरं, गिअर बदलायलास का पळून जायलास? एकटाच पळायलास, तेवढं बरं!"

डोकं भडकलं. एरवी किल्ली त्याच्या अंगावर फेकून पायी निघालो असतो. पण मग तिच्याकडं कोणत्या तोंडानं जाणार होतो? दार ओढून घेतलं, डाव्या हाताच्या दोन बोटांनी गिअर मागितला. बिनआवाज आला. पिंगळीपर्यंत मिस्त्री आपल्या बाजूच्या दाराची मूठ धरून बसला. परत आल्यावर म्हणाला, "सोमवारपासून ये कामाला. आन् रविवारी आईला घेऊन चहाला ये."

हे पत्र टाकायचं कुठं, मला माहीत नाही, पेटीतच राहील. त्यामुळं कबूल करायला हरकत नाही: तुमच्या गिअरपेक्षा मला हाच जास्त आवडला. तो वर असल्यानं मधली जागा मोकळी राहते, पुढच्या सीटवर दोघांना खेटून बसता येतं. मिस्त्री दाराला चिकटून बसला होता, म्हणून त्याच्या ध्यानात आलेलं नाही.