थोरलं नातं

पेणच्या आत्ये,

तू जाऊन तीन महिने झाले. तेराव्याला सगळे रडले, मीही रडले. आज मात्र तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू होतीस तेव्हा तुझ्यासमोर माझी बोलती बंद व्हायची, म्हणून आता लिहिते. काल अष्टमीला आमच्या ओटीवर माझ्या मीनलच्या लग्नाची बैठक झाली, आणि तू नसतानाही तूच बोललीस, माझ्या भावाच्या तोंडून.

"आत्या सांगून गेलीय," दादा म्हणाला. "जिते गावचा तो प्रशांत मीनलचा मामा लागतो. मामाभाचीचं लगीन व्हतं काय कधी?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण हेच तू माझ्या वेळी म्हणाली होतीस.

आठवतं ना? पेणला तुझ्या पडवीत कुणी ना कुणी आलेलंच असायचं, सोयरीक जुळवण्याआधी नातं लावून घ्यायला. तू वालाचं बिरडं सोलत बसायचीस आणि हात न थांबवता सांगायचीस, कोण कुणाची मावससासू, कोण कुणाचा चुलतमामा. लहानपणी मला तुझा केवढा अभिमान वाटायचा. माझ्या आत्याला अख्ख्या तालुक्याची नाती पाठ आहेत, असं मैत्रिणींना सांगत सुटायचे.

मग मिठागरावरच्या मधुकरचं स्थळ आलं. आलं कसलं, आम्ही दोघांनीच ते आणवलं होतं. त्याची आई यमू तुझी चुलत बहीण. त्या बाजूनं तो माझा आतेभाऊ, आणि आतेभावाशी लग्नाला आपल्यात कुणाची ना नव्हती. पण त्याचे वडील माझ्या आईचे लांबचे मामा लागत. त्या बाजूनं मधुकर आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा. बाबा हळूच म्हणाले, "यमूच्या बाजूनं धरलं तर चालतंय की." तू म्हणालीस, "दोन नाती निघाली तर थोरलं धरायचं. मामा थोरला."

संपलं. शेताच्या बांधावरून भांडण झाल्यापासून तू यमूशी बोलत नव्हतीस, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानंही ते तोंडातून काढलं नाही.

एवढ्यावर थांबली असतीस तरी मी माफ केलं असतं. पण आईला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून माझ्या लग्नात मुलीचा मामा म्हणून तू मधुकरलाच उभं केलंस. त्यानं मला हाताला धरून मंडपात आणलं. हात गार पडला होता त्याचा. समोर अंतरपाट, त्यापलीकडे माझा होणारा नवरा, आणि पाठीशी तो. का केलंस गो असं? तू लावलेलं नातं पक्कं करायला? मला नवरा भला मिळाला, संसार चांगला झाला. तरी ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

आता मीनलचंही तेच. प्रशांत एका बाजूनं तिचा मामा, दुसऱ्या बाजूनं आतेभाऊ. पोरगी आतल्या दाराशी उभी होती आणि तिचा चेहरा मला दिसत होता. मी दादाला विचारलं, "आपली आजी आतोबांना काय म्हणून हाक मारायची?"

दादा गडबडला. "भाऊ म्हणायची. त्याचं काय?"

"जावयाला कुणी भाऊ म्हणतं?"

कोपऱ्यात बसलेली काकू हसली. "व्हय गो. तो तिचा मावसभाऊच व्हता. लेकीशी लगीन लागलं तरी तिच्या तोंडातली हाक काय बदलली नाय."

म्हणजे आत्ये, आतोबा तुझेच मामा लागत होते. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं थोरलं नातं? तुझ्या वेळी कुणीतरी शहाण्यानं दुसरी बाजू धरली आणि तू सुखानं नांदलीस. आतोबा गेले तेव्हा तू अन्न सोडलं होतंस, मी पाहिलं आहे. त्या सुखाचा मला मुळीच राग नाही. तेच सुख मला मिळू नये असं तुला का वाटलं, एवढंच विचारायचं आहे. उत्तर मिळणार नाही हे कळतं, तरी विचारते.

मीनलची सोयरीक काल पक्की झाली. दादा पायात चपला सरकवत म्हणाला, "मंग मामा म्हणून मी नाय उभा रहायचा. तुझं तू बघ." माझा थोरला भाऊ, मीनलचा सख्खा मामा. आज फोनही उचलत नाही. राग निवळला तर येईल, नाही निवळला तर नाही.

तर आत्ये, तुला वचन देते. दादा आला नाही, तर मीनलला हाताला धरून मी मंडपात आणीन, आणि मामाच्या जागी तिच्या पाठीशी मी उभी राहीन. कुणी विचारलं, ही बाई मुलीची कोण लागते, तर सांगेन, आई लागते. घे, लाव आता नातं. कुठल्याही बाजूनं लाव.

तुझी भाची,
सुमन